भेंडवळचा घट : शेतात मांडलेला तक्ता

माझं शिवार बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय्य तृतीयेला आम्हा शेतकऱ्यांची पावलं याच तालुक्यातल्या भेंडवळ गावाकडे वळतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केल्याचं सांगतात ती घटमांडणी वाघ घराणं आजही चालवतं.

शेतात गोल आखतात. मध्ये खड्डा, त्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर. तिथं ठेवलेली पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, विड्यावरची सुपारी म्हणजे राजा. भोवती गहू, ज्वारी, तूर, सरकी, अंबाडी अशी 18 धान्यं. रात्रभर तिथं कुणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणतं ढेकूळ भिजलं, ते पाहून पाऊस-पिकांचं भाकीत जाहीर होतं.

या भाकिताला शास्त्रीय आधार नाही. पेरणी करावी ती मोजमापावरच. त्यासाठी 1875 साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग आहे. पण मांडणीचं हे कसब मला मोलाचं वाटतं. अक्षरओळख नसलेल्यालाही अख्खं वर्ष एका नजरेत दिसतं. पर्जन्यमानाचे तक्ते इतके सोपे झाले, तरच ते बांधापर्यंत पोहोचतील.