बोट वर होईपर्यंत

साल १९७८. परळच्या एका रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागाच्या मागच्या लहानशा खोलीत तुम्ही बसला आहात. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, दार जाडजूड. तरी गिरणीचा भोंगा आत शिरतोच; तो संपेपर्यंत हात आवरायचा. नायर रुग्णालयात १९६६ पासून श्रवणशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो, तिथेच तुम्ही हे काम शिकलात.

आज सोमवार. गिरणीच्या साचेखात्यात मागांवर राबणाऱ्या माणसांना तुम्ही मुद्दाम सोमवारी, पाळीवर जाण्याआधी बोलावता. रविवारच्या सुट्टीने कान जरा निवलेले असतात.

"बारीकसा आवाज आला तरी बोट वर करा, मामा."

तो तुमच्या ओठांकडे बघतो, हसून मान हलवतो. धोट्यांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस ओठांवरूनच बोलणं उचलतो. आता तोंडापुढे फाईल धरून तेच म्हणा. मान हलते, हसू मात्र अडखळतं.

हेडफोन लावा. उजवा कान, १००० हर्ट्‌झ. बोट वर. दहा डेसिबल खाली या, पुन्हा द्या. बोट हललं नाही की पाच-पाचने चढा. आवाज एका ठेक्यात देऊ नका, माणूस ठेका धरून बोट उचलतो. २०००. मग ४०००.

बोट मांडीवरच. वाढवा. अजून वाढवा. हेडफोनच्या फटीतून ती शीळ आता तुम्हालाच ऐकू येते आहे.

"यंत्र बंद पडलं का, डॉक्टर?"

तुम्ही डॉक्टर नाही. पण ते आत्ता राहू द्या.

६५ला बोट उचललं जातं, तेही अर्धंच. कागदावर लाल गोल काढा. ८०००ला रेघ थोडी वर सरकते. डाव्या कानाच्या निळ्या फुल्याही त्याच खड्ड्यात उतरतात. कानाच्या आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी गोंगाटाने मेल्या आहेत. त्या पुन्हा उगवत नाहीत. साचेखात्यातली वर्षं नीट विचारून लिहा, घाई करू नका. या कानांची विचारपूस आजवर कोणी केलेली नाही.

"भोंगा येतो की ऐकू," तो म्हणतो. खरंच येतो. जाड आवाज शाबूत आहेत. गेलेत ते स, श, फ. घरी कोणी 'साठ' म्हटलं की त्याला 'आठ' ऐकू येतं, आणि लोक त्याला विसराळू म्हणतात.

"सात तारखेला या," कागद भरता भरता तुम्ही सांगता.

तो उठतो आणि आतल्या दाराकडे चालू लागतो.

पेन खाली ठेवा. त्याच्या खांद्याला हात लावा, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करा आणि पुन्हा म्हणा, "सात."