ज्यू आणि पैसा : रॅप गाण्यांतला एक जुना पूर्वग्रह

डिसेंबर २०१८. अमेरिकेतला नामांकित बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याने इन्स्टाग्रामवर एका रॅप गाण्याची ओळ टाकली. गाणे ट्वेंटी-वन सॅव्हेज या रॅपरचे होते. आपण भरपूर कमावतो आहोत हे सांगताना त्याने त्या कमाईला ज्यूंच्या पैशाची उपमा दिली होती. टीका झाल्यावर लेब्रॉनने माफी मागितली आणि आपल्याला ती प्रशंसा वाटली होती, असे सांगितले. सॅव्हेजनेही माफी मागितली. पण आपल्या ओळखीचे ज्यू पैशाच्या बाबतीत फार शहाणे आहेत म्हणून तसे लिहिले, असा खुलासाही केला. म्हणजे माफीतही पूर्वग्रह तसाच राहिला.

दोघांच्या मनात द्वेष नव्हता असे मानू. मग एखाद्या समाजाला 'पैशात हुशार' म्हटले तर बिघडले कुठे? हा प्रश्न रॅप ऐकणाऱ्या प्रत्येक तरुणाला पडू शकतो, म्हणून त्याची नीट मांडणी करून पाहू.

पूर्वग्रह आला कुठून?

मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती चर्चने व्याज घेणे पाप ठरवले होते. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला धार्मिक दफनही नाकारले. दुसरीकडे ज्यूंना अनेक प्रदेशांत जमीन बाळगता येत नव्हती आणि कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर त्यांनी ओळखू येईल असा वेगळा पोशाख घालावा, असे फर्मावले. जे थोडे धंदे मोकळे राहिले, त्यांत सावकारी होती. राजे ज्यूंकडून जबर कर वसूल करत आणि तो भरण्यासाठी ज्यू सावकार कर्जदारांकडे तगादा लावत. लोकांना दारात आलेला ज्यू दिसे, त्याच्यामागचा राजा दिसत नसे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२७५ मध्ये ज्यूंच्या सावकारीवर बंदी घातली आणि १२९० मध्ये त्यांना देशाबाहेरच काढले.

याच युरोपात इटलीतले मेडिचींसारखे ख्रिस्ती पेढीवाले गडगंज झाले. त्यावरून 'ख्रिस्ती आणि पैसा' अशी म्हण कुठे रूढ झाली नाही. ज्यूंची प्रतिमा मात्र पक्की होत गेली. शेक्सपिअरच्या नाटकातला शायलॉक हे तिचे सर्वात प्रसिद्ध रूप. १९०३ मध्ये रशियात 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' हा बनावट दस्तऐवज छापला गेला. जग ताब्यात घेण्याचा ज्यूंचा गुप्त कट आहे, असा त्याचा दावा होता. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने तो खोटा असल्याचे पुराव्यानिशी दाखवले. तरीही अमेरिकेत मोटारनिर्माता हेन्री फोर्डच्या वृत्तपत्राने तो प्रचार पसरवला, आणि जर्मनीत नाझींनी तो वापरला. पुढे सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली.

पैशाचे वेड ज्यूंच्या स्वभावातच असते, तर ते सगळीकडे दिसायला हवे होते. आपल्या कोकणातलेच उदाहरण पाहा. रायगड परिसरातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल काढत. शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे, घरात मराठी. इथे त्यांची ओळख सावकार अशी झाली नाही, कारण युरोपातले ते कायदे इथे नव्हते.

रॅपमधली ठळक उदाहरणे

हिप-हॉपचा जन्म १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांनी ही संस्कृती घडवली. ज्यूंविषयीचा पूर्वग्रह रॅपने निर्माण केला नाही, तो आधीपासून समाजात होता. पण जी कला वंशद्वेषाविरुद्ध उभी राहिली, तिच्यात दुसऱ्या समाजाविषयीचा द्वेष दिसला की तो जास्त खुपतो.

१९८९ मध्ये पब्लिक एनिमी या गटाच्या प्रोफेसर ग्रिफने एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत जगातल्या बहुतेक दुष्टपणाला ज्यू जबाबदार आहेत, असे म्हटले. त्यावरून मोठे वादळ उठले.

१९९१ मध्ये आइस क्यूबने 'नो व्हॅसलिन' हे गाणे काढले. एन.डब्ल्यू.ए. हा गट त्याने पैशांच्या वादातून सोडला होता. गटाचा व्यवस्थापक जेरी हेलर ज्यू होता. गाण्यात हेलरवर हल्ला होता, पण तो करताना त्याचे ज्यू असणे पुढे केले होते. सायमन विझेंथल सेंटरने त्याचा निषेध केला. याच अल्बममध्ये कोरियन दुकानदारांविरुद्धही एक गाणे होते. म्हणजे गल्ल्यावर बसलेला माणूस ज्या समाजाचा, तो समाजच शत्रू, असा हा हिशेब होता.

२०१७ मध्ये जे-झीचे 'द स्टोरी ऑफ ओ.जे.' आले. क्लबमध्ये पैसे उधळण्यापेक्षा पत निर्माण करा, मालमत्ता घ्या, असा सल्ला तो आपल्या समाजाला देतो. त्या ओघात अमेरिकेतली सगळी मालमत्ता ज्यूंच्या हाती कशी आली, असे उदाहरणही देतो. ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगने संयमाने प्रतिक्रिया दिली. जे-झीचा हेतू द्वेषाचा नसावा, पण ज्यू अर्थव्यवस्था ताब्यात ठेवतात या समजाला अशा ओळीने बळ मिळू शकते, असे संस्थेचे म्हणणे होते. जे-झीचे उत्तर असे की, ही उघड अतिशयोक्ती आहे. त्या व्हिडिओत कृष्णवर्णीयांचीही विकृत व्यंगचित्रे मुद्दाम वापरली आहेत.

२०२२ मध्ये कान्ये वेस्टने उपमा-अतिशयोक्तीचा पडदाही ठेवला नाही. त्याने ज्यूंविरुद्ध उघड धमकीवजा मजकूर टाकला आणि पुढे हिटलरची स्तुती केली. २५ ऑक्टोबरला आदिदासने त्याच्याशी करार मोडला.

राग खरा, पत्ता चुकीचा

या ओळींमागे अनुभव असतो, हे नाकारून चालणार नाही. लेखक जेम्स बाल्डविन हार्लेममध्ये वाढले. १९६७ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या विषयावर लेख लिहिला. त्यांच्या लहानपणी घरमालक ज्यू, वाणी ज्यू, खाटीक ज्यू. पिळवणूक रोजची होती. पण ज्यूंविषयीचा हा राग मुळात गोऱ्या सत्तेविषयीचा राग आहे, हे बाल्डविन यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगितले. वस्तीत समोर दिसणारा माणूस ज्यू होता. वस्ती कुठे असावी, कर्ज कुणाला मिळावे, हे ठरवणारे लोक तिथे राहतच नव्हते.

रेकॉर्ड कंपनीचा करारही असाच पाहावा लागतो. कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते, ती आणि रेकॉर्डिंगचा खर्च त्याच्याच मानधनातून कापते, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा स्वतःकडे ठेवते. गाणे गाजले तरी कलाकार कर्जात राहू शकतो. हा करार मालकाची जात-धर्म पाहून बदलत नाही. २०१५ मध्ये लिल वेनने थकीत पैशांसाठी कॅश मनी रेकॉर्ड्सवर दावा लावला. ती कंपनी कृष्णवर्णीय भावांनी उभी केलेली होती. त्यावरून कुणी कृष्णवर्णीय समाजाच्या स्वभावाचे सिद्धांत मांडले असते, तर आपण लगेच हरकत घेतली असती.

स्तुतीचा दुहेरी घाव

जे-झीच्या ओळीतली स्तुती दोन समाजांवर अन्याय करते. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे बनवून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' ठरवल्या. तिथे गृहकर्ज मिळणे जवळजवळ अशक्य झाले. एखाद्या भागात ज्यू राहायला येऊ लागले, याचीही त्याच यंत्रणेने प्रतिकूल नोंद केली. कित्येक घरांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना, आणि अनेक ठिकाणी ज्यूंनाही, घर विकू नये अशी अट असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यू हळूहळू 'गोऱ्यां'मध्ये स्वीकारले गेले आणि कर्जाचे दार त्यांना उघडले. कृष्णवर्णीयांना ते बंदच राहिले. निवासातील भेदभावाविरुद्ध संघीय कायदा व्हायला १९६८ उजाडले.

हा इतिहास वगळून 'ते शहाणे होते म्हणून त्यांनी कमावले' म्हटले की दुसरा अर्थ आपोआप निघतो : कृष्णवर्णीय उधळे होते म्हणून मागे राहिले. बंद केलेल्या दाराची गोष्ट गाण्यातून गायब होते आणि व्यवस्था निर्दोष सुटते. शिवाय ज्यूंमधले गरीब अदृश्य होतात. न्यूयॉर्क राज्यातले किरयास जोएल हे हसिदी ज्यूंचे गाव अमेरिकेतल्या अतिगरीब गावांत गणले गेले आहे.

ऐकताना काय पाहावे?

गाणे बंद करा, असे इथे म्हणणे नाही. व्यवस्थापकाने फसवले असेल तर त्याचे नाव घेऊन टीका करण्याचा कलाकाराला पूर्ण हक्क आहे. ओळ खटकली की तीन गोष्टी तपासाव्यात. टीका कृत्यावर आहे की जन्मावर? 'ज्यू' शब्द काढला तर आरोप उभा राहतो का? आणि त्या जागी आपल्या समाजाचे नाव घातले तर ती ओळ आपण मित्रांसमोर मोठ्याने म्हणू का? आइस क्यूबच्या गाण्यातून 'ज्यू' शब्द काढला तरी पैशांविषयीची त्याची तक्रार पूर्ण उरते. जे-झीचा बचतीचा सल्लाही उरतो. त्या शब्दाशिवाय दोघांच्याही मुद्द्याचे काहीच अडत नव्हते.