क्रम आणि अवलंबन : लिनक्स कर्नलमधील ड्रायव्हर-आरंभाच्या व्यवस्थेचा इतिहास

प्रास्ताविक

संगणक सुरू केल्यापासून तो वापरास सिद्ध होईपर्यंतच्या काही क्षणांत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, अनेक ड्रायव्हरांना कामास लावीत असतो. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी व्यवहार कसा करावा याचे ज्ञान बाळगणारा कर्नलचा भाग. यांतील कोणाचा आरंभ आधी व्हावा आणि कोणाचा नंतर, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्यास किरकोळ वाटतो. परंतु क्रम चुकला तर डिस्क सापडत नाही, पडदा काळाच राहतो किंवा यंत्र जागच्या जागी थिजते.

प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलने हा प्रश्न १९९१ पासून २०२१ पर्यंतच्या तीन दशकांत कसा हाताळला, हे पाहावयाचे आहे. हा इतिहास सहसा सुधारणांची चढती भाजणी म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एका उपकरणाचे दुसऱ्यावर अवलंबून असणे हे कारण होय आणि त्यांच्या आरंभाचा क्रम हा त्या कारणाचा परिणाम होय. कर्नलच्या कर्त्यांनी दीर्घकाळ परिणाम लिहून ठेवला, कारण लिहिले नाही. कारण ठाऊक असणारी माणसे पांगली, क्रम मात्र मागे उरला आणि त्यास हात लावण्यास कोणी धजेना.

पूर्वपीठिका

हा प्रश्न लिनक्सच्या आधीचा आहे. १९८३ च्या डॉस २.० पासून वापरकर्त्यास कॉन्फिग.सिस या फाइलीत ड्रायव्हरांची नावे लिहून ते स्मृतीत भरता येऊ लागले. फाइलीतील ओळींचा क्रम हाच ड्रायव्हरांचा क्रम होता. १९९१ च्या डॉस ५.० मध्ये हायमेम.सिसची ओळ ईएमएम३८६ च्या ओळीच्या आधी असावी लागे, कारण दुसरा पहिल्याने खुल्या केलेल्या विस्तारित स्मृतीवर चाले. ज्यांनी त्या काळात प्रयोगशाळेतील यंत्रे सांभाळली, त्यांना दोन ओळींची अदलाबदल किती महागात पडे हे सांगावयास नको. विंडोज एनटीने (१९९३) हे ज्ञान वापरकर्त्याच्या हातून काढून रजिस्ट्रीत नेले. तेथे ड्रायव्हरांचे गट पाडले, गटांची क्रमवारी लावली आणि प्रत्येक ड्रायव्हरास तो केव्हा सुरू व्हावा याचा ० ते ४ पर्यंतचा अंक दिला. पुढे लिनक्समध्ये आलेल्या पातळ्यांशी या गटांचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे.

हाताने लिहिलेली यादी

लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या कर्नलात आणि पुढील काही वर्षे ड्रायव्हरांच्या आरंभाची व्यवस्था अगदी साधी होती. ठरावीक फाइलींमध्ये आरंभ-फंक्शनांची नावे एकाखाली एक लिहिलेली असत आणि कर्नल त्यांना त्याच ओळीने हाक मारी. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपली ओळ या सामाईक यादीत योग्य जागी घुसवावयाची, असा रिवाज होता.

नेटवर्क कार्डांच्या बाबतीत या यादीचे मर्म विशेष स्पष्ट होते. आयएसए पद्धतीच्या कार्डांना स्वतःची ओळख सांगण्याची खात्रीची सोय नव्हती. म्हणून ड्रायव्हर ठरावीक पत्त्यांवर अंक लिहून ‘येथे माझे कार्ड आहे काय’ असे चाचपडून पाही. त्या पत्त्यावर दुसरेच कार्ड असले तर या चाचपणीनेच ते बिघडे. एनई२००० कार्डाचा शोध या बाबतीत कुप्रसिद्ध होता. काही पत्ते या चाचपणीपासून राखून ठेवण्यासाठी कर्नलला आरंभीच सूचना देण्याची सोय करावी लागली होती. तेव्हा निरुपद्रवी चाचपणी आधी आणि धोक्याची नंतर, असा क्रम त्या यादीत मुरलेला होता. तो अनुभवातून आलेला होता आणि पुष्कळ ठिकाणी अनुभवाची नोंद मात्र नव्हती.

१९९५ च्या १.२ आवृत्तीपासून मॉड्यूल, म्हणजे कर्नल चालू असताना भरता येणारे भाग, प्रचारात आले. एका मॉड्यूलने दुसऱ्यातील फंक्शन वापरले असेल तर ते अवलंबन यंत्रालाच वाचता येते. त्यावरून डेपमॉड ही आज्ञा तक्ता तयार करते आणि मॉडप्रोब त्या तक्त्याप्रमाणे आधीचे मॉड्यूल आधी भरते. कारणाची नोंद यंत्राने स्वतः करण्याचा लिनक्समधील हा पहिला ठळक प्रयत्न म्हणता येईल. पण त्याची मर्यादा वीस वर्षांनी उघडी पडली. मेमरी कार्डाचा ड्रायव्हर वीज नियंत्रित करणाऱ्या चिपच्या ड्रायव्हरातील एकही फंक्शन थेट वापरीत नाही. दोघेही कर्नलच्या मधल्या व्यवस्थेशीच बोलतात. परंतु वीज आल्याखेरीज कार्ड चालत नाही. असले अवलंबन फंक्शनांच्या तक्त्यात दिसत नाही.

लिंकरच्या स्वाधीन

सामाईक यादीत सर्वांनीच हात घालणे पुढे जड जाऊ लागले. २.३ या विकासमालिकेत इनिटकॉलची युक्ती आली आणि २००१ च्या २.४ आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोहोचली. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या आरंभ-फंक्शनावर एक खूण करतो. लिंकर, म्हणजे निरनिराळे तुकडे जोडून एकसंध कर्नल बनविणारा प्रोग्राम, अशा सर्व फंक्शनांचे पत्ते एका ठिकाणी गोळा करतो आणि कर्नल ते ओळीने चालवितो. सामाईक यादी नाहीशी झाली. पण क्रम नाहीसा झाला काय? तुकडे ज्या क्रमाने जोडले जातील तोच आता आरंभाचा क्रम ठरला आणि तुकड्यांचा क्रम मेकफाइलमधील ओळींवरून ठरत होता. यादी गेली ती मेकफाइलमध्ये जाऊन बसली, इतकेच.

कर्नलच्या बांधणीविषयीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत यासंबंधी इशारा आहे : मेकफाइलमधील ओळींचा क्रम बदलल्यास स्कझी नियंत्रक सापडण्याचा क्रम बदलू शकतो आणि परिणामी डिस्कांची नावे बदलतात. वापरकर्त्याच्या दृष्टीने हीच या व्यवस्थेची खरी झळ होती. पहिली सापडलेली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी. पहिले नेटवर्क कार्ड ईथ०, दुसरे ईथ१. नवे कार्ड बसविले की जुन्याचे नाव बदलण्याची शक्यता असे आणि सर्व्हरवरील सुरक्षेचे नियम भलत्याच तारेला लागू होत. २००९ मध्ये आरंभ जलद व्हावा म्हणून काही कामे समांतर चालविण्याची सोय झाली. तेव्हाही काम कोणत्याही क्रमाने संपले तरी बाहेर दिसणारा नोंदणीचा क्रम जुनाच राहावा, अशी काळजी घ्यावी लागली. नेटवर्क कार्डांना त्यांच्या जागेवरून नावे देण्याची पद्धत सिस्टमडीने २०१३ मध्ये आणली आणि क्रमाची नावावरील पकड सैल झाली.

मेकफाइल इतिहासाच्या अभ्यासकास साधन म्हणूनही मोलाची आहे. ड्रायव्हरांच्या मुख्य मेकफाइलमध्ये अधूनमधून टिपा आहेत. जीपीआयओ हे पिनकंट्रोलनंतर यावे, कारण पिनांची जुळवणी आधी व्हावी लागते. रेग्युलेटर लवकर यावेत, कारण इतर व्यवस्था त्यांवर विसंबून आहेत. कॅरेक्टर उपकरणे सीरियलच्या आधी यावीत, म्हणजे आरंभीचा कन्सोल पडद्यावर दिसेल. ज्या ओळींवर टीप आहे तेथे कारण वाचता येते. ज्यांवर नाही त्या ओळींच्या बाबतीत त्यांची जागा हेतूने ठरलेली की योगायोगाने, हे केवळ फाइलीवरून सांगता येत नाही.

२.५ मालिकेत, २००२ च्या सुमारास, इनिटकॉलांच्या सात पातळ्या करण्यात आल्या : गाभा, गाभ्यानंतरचे, स्थापत्य, उपव्यवस्था, फाइल-व्यवस्था, उपकरणे आणि उशिराचे. ढोबळ क्रमासाठी ही सोय उत्तम होती. पण लवकरच ‘उपकरणे’ पातळीवरील ड्रायव्हर स्वतःला ‘उपव्यवस्था’ म्हणवू लागले. आय-टू-सी बसचा नियंत्रक त्या बसवरील वीज-चिपच्या आधी यावा म्हणून त्याला वरच्या पातळीवर चढविण्यात आले, मग ती चिपही चढली. पातळीचे नाव एक आणि तिचा उपयोग दुसराच, अशी ही स्थिती होती.

‘नंतर या’

व्यक्तिगत संगणकांत हा पेच आटोक्यात होता. पीसीआयसारख्या बसवर उपकरणे आपली ओळख स्वतः देतात आणि बहुतेक अवलंबन जनक-अपत्य स्वरूपाचे असते. आधी बस, मग तिच्यावरील उपकरण. असा वृक्ष असला की क्रम आपोआप लागतो. मोबाइलमधील एआरएम चिपांनी ही घडी मोडली. तेथे एकाच उपकरणाला घड्याळ-संकेत एकाकडून, वीज दुसऱ्याकडून आणि इंटरप्ट तिसऱ्याकडून मिळतो. वृक्षाचे जाळे झाले. प्रत्येक बोर्डावर ते जाळे वेगळे, म्हणून सर्व बोर्डांना मानवेल असा एकच स्थिर क्रम असणे शक्य राहिले नाही.

ग्रँट लाइकली यांनी सुचविलेला आणि मे २०१२ च्या ३.४ आवृत्तीत आलेला उपाय असा : ड्रायव्हरास हवे असलेले साधन अजून सिद्ध नसेल तर त्याने ५१७ हा विशेष त्रुटिक्रमांक परत करावा. कर्नल त्याला थांबलेल्यांच्या यादीत ठेवतो आणि दुसऱ्या कोणत्याही ड्रायव्हरास यश आले की यादीतील सर्वांना पुन्हा संधी देतो. आपल्याकडील कार्यालयांत ‘नंतर या’ असे सांगितले जाते, त्याचीच ही आवृत्ती. फरक इतकाच की येथे बोलावणे खरोखर येते.

या उपायाचे मोठेपण त्याच्या साधेपणात आहे. कोणालाही क्रम माहीत असण्याची गरज उरली नाही. पण बारकाईने पाहता कारणाची नोंद येथेही नव्हती. ड्रायव्हर ‘आत्ता नाही’ एवढेच सांगे. एखादे साधन कधीच येणार नसेल तर तो यादीत मुकाट्याने पडून राही. शिवाय प्रत्येक ड्रायव्हरास अर्धवट झालेले काम पूर्ण निस्तरून मागे फिरता येणे आवश्यक झाले. २००७ पासून उपलब्ध असलेली संसाधने आपोआप परत करण्याची सोय नसती, तर हे फार कठीण गेले असते. झोपी जाण्याच्या वेळी आणखी एक गुंता होई. यंत्र निद्रेत जाताना उपकरणे नोंदणीच्या उलट क्रमाने बंद केली जातात. थांबून नंतर आलेल्या उपकरणाची नोंद मात्र आधीची असे. म्हणून पुन्हा संधी देताना त्याला निद्रेच्या यादीत शेवटी हलवावे लागते. टाळलेला क्रम दुसऱ्या दाराने असा परत आला.

कारणांची नोंद

२०१५ मध्ये मागणी येताच पुरवठादाराचा ड्रायव्हर जागा करण्याची योजना मांडली गेली, पण ती मुख्य कर्नलमध्ये टिकली नाही. फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० आवृत्तीत राफाएल विसॉकी यांच्या कामातून ‘डिव्हाइस लिंक’ आली. पुरवठादार कोण आणि ग्राहक कोण, हे नाते कर्नलच्या नोंदीत प्रथमच स्वतंत्रपणे आले. आरंभ, निद्रा आणि ड्रायव्हर काढून घेणे या तिन्हींचा क्रम त्या एका नोंदीवरून काढता येऊ लागला.

ती नोंद करावयाची कोणी, हा प्रश्न उरला. बोर्डाचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीत कोणते उपकरण कोणाचे घड्याळ वा वीज वापरते हे आधीच लिहिलेले असते. गूगलमधील सरवणा कन्नन यांच्या प्रयत्नांतून कर्नल ते वर्णन वाचून नाती स्वतः जोडू लागला. अँड्रॉइडच्या सामाईक कर्नलात उत्पादकांचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून येतात, तेव्हा मेकफाइलचा क्रम त्यांच्या उपयोगी पडत नव्हता. बूटलोडरने चालू ठेवलेला वीजपुरवठा ‘उशिराच्या’ पातळीवर निरुपयोगी समजून बंद केला जाई आणि त्यावर चालणारे, पण अजून न आलेले उपकरण मरे. आता सर्व ग्राहक आल्याचे कळल्यावरच पुरवठादारास तशी सूचना मिळते.

२०२१ मध्ये ही व्यवस्था मूलतः चालू ठेवण्याचा निर्णय झाला, काही बोर्ड सुरूच होईनात म्हणून तो मागे घेण्यात आला आणि दुरुस्त्यांनंतर त्याच वर्षी पुन्हा लागू झाला. अडचण वर्णनांत होती. डिव्हाइस ट्रीत कोठे चक्राकार नाती होती : अ ला ब हवा आणि ब ला अ. जुन्या व्यवस्थेत हे खपून जाई, कारण त्यातील एक नाते आरंभाच्या वेळी कोणी वापरीत नसे. कर्नलला आता असे चक्र ओळखून त्यातील नात्यांची सक्ती सैल करावी लागते आणि मग तेथे पुन्हा ‘नंतर या’ हीच पद्धत चालते. मेकफाइलमधील त्या टिपाही, जीपीआयओ आणि पिनकंट्रोलच्या क्रमासह, अजून जागेवर आहेत.