भोंगा उपक्रम (मोहित्यांचे वडगाव)

भोंगा उपक्रम हा महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सुरू केलेला सामूहिक उपक्रम आहे. त्यानुसार रोज सायंकाळी ७ वाजता गावात भोंगा वाजतो आणि ८:३० वाजेपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवले जातात. हा दीड तास मुलांच्या अभ्यासासाठी, वाचनासाठी आणि कुटुंबातील संवादासाठी राखून ठेवलेला असतो.

पार्श्वभूमी

मोहित्यांचे वडगावची लोकसंख्या सुमारे ३,००० असून शेतकरी व साखर कारखान्यांतील कामगारांचा तीत मोठा वाटा आहे. कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ऑनलाइन सुरू झाले. जो मोबाइल तोवर मुलांच्या हातून काढून घेतला जात असे, तोच अभ्यासासाठी त्यांच्या हाती द्यावा लागला. शाळा पूर्ववत भरू लागल्यानंतरही ही सवय टिकून राहिली. शाळेतून परतलेली मुले मोबाइलवरील खेळांत किंवा दूरचित्रवाणीसमोर रमत असल्याचे दिसून आले.

निर्णय व अंमलबजावणी

१४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाच्या बैठकीत हा निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, तो अमलात आला. सरपंच विजय मोहिते यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. प्रारंभी काही पुरुषांनी या कल्पनेची थट्टा केली. मालिका पाहण्यात आपलाही बराच वेळ जातो, हे मान्य करून महिलांनी मात्र पाठिंबा दिला. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन जनजागृती केली.

नियम केवळ मुलांपुरता मर्यादित नाही, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य आहे. आईवडिलांच्या हाती मोबाइल असताना मुलांना घातलेली बंदी सहसा टिकत नाही. येथे मोठ्यांनाही तोच नियम लागू असतो आणि वेळ संपल्याची सूचना पालकांऐवजी भोंगा देतो.

वैद्यकीय शिफारशी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षापर्यंतच्या बालकांना पडदा दाखवू नये, तर २ ते ४ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसातून एक तासापेक्षा अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशींनुसार २ वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी होणारे व्हिडिओ संभाषण वगळता पडद्यापासून दूर ठेवावे. २ ते ५ वर्षे वयासाठी कमाल मर्यादा एक तास, तर ५ ते १० वर्षे वयासाठी दोन तासांपेक्षा कमी आहे. जेवताना व झोपण्यापूर्वी पडदे बंद ठेवावेत, असाही सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. झोपेच्या वेळी पडद्याच्या प्रकाशामुळे मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते आणि झोप लांबते.

अन्य उदाहरणे व मर्यादा

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. वडगावचा नियम वेळेपुरता व सर्व वयोगटांसाठी आहे. बान्सीचा ठराव वयावर आधारित आहे. ग्रामसभा अशा नियमाला सामाजिक मान्यता देऊ शकते, परंतु घरातील पालन कुटुंबाच्या संमतीवरच अवलंबून राहते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत एकच भोंगा सर्वांसाठी वाजवणे व्यवहार्य नाही. पालकांच्या कामाच्या पाळ्या व लोकल प्रवासामुळे घरी परतण्याच्या वेळा निरनिराळ्या असतात, आणि लहान सदनिकेत एकाच खोलीत अभ्यास व दूरचित्रवाणी दोन्ही चालतात. अशा ठिकाणी रात्रीच्या जेवणाची वेळ यांसारखी, सर्वजण घरी असण्याची घटिका निवडून प्रत्येक कुटुंबाला हा नियम स्वतःपुरता ठरवावा लागतो. मोठ्यांनीही तो पाळणे ही वडगावची मूळ अट तेथेही तितकीच लागू पडते.