शिंदी, मोह आणि मठांतलें मद्य

मद्याविषयीं लिहिणारे बहुधा दोन पक्षांत विभागलेले असतात. एक पक्ष त्याचे अनर्थ सांगतो, दुसरा त्याची मौज वर्णितो. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य आहे; पण एक प्रश्न दोघांच्याहि हातून निसटतो. एका मुलखांतलें मद्य पाहुण्यापुढें अभिमानानें ठेवलें जातें आणि दुसऱ्या मुलखांतलें, तितक्याच मेहनतीनें केलेलें मद्य पडद्याआड, नांव न घेतां प्यालें जातें, हें कां? बेल्जममधील मठांची गडद, कडक बिअर आणि नांदेड-लातूरकडील शिंदी व मोहाची दारू यांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिला, तर या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें हातीं लागतें.

बेल्जममधील ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधु संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणें राहतात. भिक्षा मागून नव्हे, तर स्वतःच्या श्रमावर मठ चालवावा, असा त्यांचा दंडक. कोणी पनीर केलें, कोणी पाव भाजला आणि कित्येक मठांनीं बिअर केली. वेस्टमाल येथील मठांत हें काम १८३६ सालीं सुरू झालें, शिमे येथें १८६२ मध्यें. जव भिजवून, मोड आणून, भट्टींत वाळवावयाचे; त्यांचा गोड काढा करून त्यांत कडवट हॉप घालावयाचें; आणि शेवटीं यीस्ट सोडून तो आंबवावयाचा, ही कृति सर्वत्र सारखीच आहे. बेल्जमच्या गडद बिअरचें वैशिष्ट्य दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे बीटाची साखर तापवून काळसर केलेला पाक. त्यानें रंग येतो, कडकपणा वाढतो आणि तरीहि पेय जड होत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे यीस्ट. तें साखरेचें मद्य करतां करतां स्वतःच फळांचे व मसाल्यांचे वास निर्माण करतें. साध्या बिअरमध्यें मद्यार्क शेंकडा पांचच्या आसपास असतो. यांत तो आठापासून अकरापर्यंत जातो.

जाणकार ती पितात तीहि एका रीतीनें. रुंद तोंडाचा, देठाचा पेला घेतात. बाटली बर्फांत गोठवीत नाहींत, कारण फार थंडींत वास दबतो. १० ते १४ अंश उष्णमान पुरे मानतात. तळाशीं बसलेला यीस्टचा गाळ न ढवळतां ओततात. प्रथम रंग आणि फेस पाहावयाचा, मग वास घ्यावयाचा, मग लहानसा घोट घेऊन तो जिभेवर थोडा वेळ राहूं द्यावयाचा. मनुका, अंजीर, सुकलेलें आलुबुखार, लवंग, मिरीं, आणि गुळाचा पाक पक्का होतांना कढईंतून सुटतो त्याच्या जवळपासचा एक वास, असे एकामागून एक थर उलगडत जातात. एक पेला संपावयास तास लागला तरी कोणी घाई करीत नाहीं. मद्यार्क इतका असतांना घाई करणें शहाणपणाचेंहि नाहीं.

ही कीर्ति केवळ साधूंच्या पुण्याईनें मिळाली असें मात्र नाहीं. १९१९ सालीं बेल्जममध्यें एमिल व्हांडरव्हेल्डे या समाजवादी मंत्र्याच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. गुत्त्यांतून अर्काचें मद्य विकण्यास बंदी झाली. दुकानांतून घ्यावयाचें तर एका वेळीं निदान दोन लिटर घ्यावें लागे. मजुराच्या खिशाला तें परवडण्यासारखें नव्हतें, आणि तोच कायद्याचा हेतु होता. बिअरला मात्र मोकळीक राहिली. तेव्हां कडक पेयाची संवय असलेल्या गिऱ्हाइकासाठीं कडक बिअर करण्यास ब्रुअरींना उत्तेजन मिळालें. अर्काची जागा आंबविलेल्या पेयानें घेतली, आणि त्या पेयाला चव, नांव व प्रतिष्ठा देण्यांत लोकांचें कौशल्य खर्चीं पडलें. हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. २०१६ सालीं युनेस्कोनें बेल्जमच्या बिअर-संस्कृतीची मानवजातीच्या वारशांत नोंद केली.

आतां मराठवाड्याकडे वळावें. मद्याचा रसिकपणा आपल्याकडे नव्हता, असें म्हणण्यास आधार नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौऱ्यायशीं आसवांची गणना आहे, आणि मोहाच्या फुलांचें मधूकासव वैद्यांना ठाऊक होतें. त्याच संहितेंत मदात्ययावर, म्हणजे अतिपानाच्या रोगावर, स्वतंत्र अध्याय आहे. केव्हां, किती, कशाबरोबर आणि कोणीं प्यावें याचा विचार त्यांत केलेला आहे. गुण आणि दोष एकाच ग्रंथांत शेजारीं बसले आहेत. लातूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणी नगरींत, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें मानसोल्लास हा ग्रंथ रचला. राजाच्या अन्नपानाबरोबर मदिरापानाच्या क्रीडेचेंहि वर्णन त्यांत आहे.

परंतु दरबाराच्या पेल्यापेक्षां गांवच्या मडक्याचा इतिहास अधिक महत्त्वाचा. शिंदीचें झाड ओढ्याकांठीं, नापीक जमिनींत आपोआप वाढतें. हिवाळ्यांत त्याच्या शेंड्याखालीं खोडाला चीर देऊन मडकें बांधतात. रात्रभर रस ठिबकतो आणि पहांटे उतरवितात. मडक्याला आंतून चुना लावलेला असला तर तो रस गोड राहतो, हीच नीरा. चुना नसेल तर हवेंतील यीस्ट आपलें काम तत्काळ सुरू करतें. सकाळीं जवळजवळ सरबतासारखा लागणारा रस दुपारीं आंबटगोड होतो, संध्याकाळीं झणझणतो आणि दुसऱ्या दिवशीं शिरक्याच्या वाटेला लागतो. एकाच मडक्यांत दिवसाच्या प्रत्येक प्रहराची निराळी चव असते. कोणत्या झाडाचा रस केव्हां उतरवावा हें कलालाला आणि तेलंगणाच्या सीमेकडील गौडाला पिढीजात ठाऊक असे.

किनवट-माहूरच्या रानांत मान मोहाला. चैत्राच्या सुमारास पहांटेच्या अंधारांत त्याचीं मांसल, फिकट पिवळीं फुलें टपटप गळतात आणि बायका-मुलें टोपल्या घेऊन तीं वेंचतात. वाळलीं कीं तीं मनुकांसारखीं तपकिरी होतात. दुष्काळांत तींच अन्न. एरवीं तीं भिजवून आंबवितात आणि मडक्यावर मडकें ठेवून, वेळूच्या पोकळ नळीनें वाफ थंड भांड्यांत नेऊन अर्क उतरवितात. त्याला धुराचा, पिकल्या फळाचा आणि ओल्या रानाचा असा मिश्र वास असतो. गोंडांच्या जन्मांत, लग्नांत व अंत्यविधींत ती दारू लागते, आणि माणसानें पिण्यापूर्वीं तिचे थेंब देवांच्या व पूर्वजांच्या नांवानें भुईवर सांडतात. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्या जिल्ह्यांतील राजगोंडांवर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानें १९४८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला.

या दोन्ही पेयांना बेल्जमच्या बिअरचें भाग्य कां लाभलें नाहीं? एक कारण निसर्गाचें. शिंदी दिवसभर टिकत नाहीं. तिला बाटली नाहीं, म्हणून बाजार नाहीं. पण मोहाचा अर्क तर टिकतो. तेव्हां दुसरें कारण कायद्यांत शोधावें लागतें. इंग्रजी मुलखांत १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें घरची भट्टी गुन्हा ठरविली आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहाचें फूल बाळगण्यावरच निर्बंध आले. निजामाच्या राज्यांत १३१६ फसलीचा, म्हणजे सुमारें १९०७ चा आबकारी कायदा होता. शिंदीला तेथें दफ्तरांत सेंधी म्हणत. झाडांवर कर बसे, दुकानांचा लिलाव होई आणि जो अधिक बोली बोले त्याला गुत्ता मिळे. आबकारी ही संस्थानच्या तिजोरीची एक मोठी बाब होती. मराठवाड्याच्या बोलींत कोणत्याहि कंत्राटदाराला आजहि गुत्तेदार म्हणतात.

गुत्तेदारानें सरकारांत भरलेली रक्कम हंगामांत वसूल व्हावयाची, तर त्याला हवी असे विक्री. चवीशीं त्याला कर्तव्य नव्हतें. रानांत स्वतःसाठीं मोह गाळणारा गुन्हेगार ठरला, आणि लपून, रात्रीं, घाईनें केलेल्या कामांत कसब टिकत नाहीं. बेल्जमच्या कायद्यानें अर्क दूर सारून सौम्यतर पेयाला वाट दिली. येथील कायद्यानें पिणाऱ्याची संवय तशीच ठेवून तिच्यावर वसुली बसविली.

म्हणूनच हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड पडली, हें समजून घेतां येतें. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें ७ ऑगस्ट १९४७ पासून जो लढा पुकारला, त्यांत जंगल-सत्याग्रह, करोडगिरीचीं नाकीं मोडणें आणि शिंदीचीं झाडें तोडणें हे कार्यक्रम होते. एक झाड पडलें कीं तिजोरींतील एक आवक बंद होई. गांधीजींच्या मद्यपाननिषेधाचें पुण्यहि पदरीं पडे. मात्र त्याच झाडावर चढणाऱ्या कलालाच्या घरचा हिवाळाहि त्याबरोबर आडवा होत होता. स्वातंत्र्याची किंमत कोणीं कोणीं दिली याचा हिशेब मांडतांना हें घर गाळतां येणार नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९५९ मध्यें तेथील दारूबंदीचा कायदा त्याला लागू झाला. पुढें बंदी सैल झाली. १९७३ च्या नियमांखालीं देशी दारूचा व्यापार बांधला गेला. ती साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या अर्काची. बेल्जममध्यें साखरेनें बिअरला गडद चव दिली. येथें साखरेच्या शेष भागानें शिंदीची आणि मोहाची जागा घेतली, पण तिच्यांत ना झाड राहिलें, ना ऋतु. जिचें घर या बाटलीनें बसलें, त्या बाईला चवीचा हा इतिहास सांगण्यांत अर्थ नाहीं. गांवोगांवच्या बायकांनीं मतदानानें उभी बाटली आडवी केली, ती अनुभवानें केली.

तरीहि चित्र थोडें पालटत आहे. पुण्यांत २००९ सालीं डूलाली ही छोटी ब्रुअरी निघाली आणि बेल्जमच्या धर्तीच्या बिअरांची ओळख शहरी तरुणांना होऊं लागली. महाराष्ट्रानें २०२१ सालीं मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठविले. मध्य प्रदेशानें २०२२ च्या आबकारी धोरणांत आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारशाचें पेय म्हणून स्थान दिलें. पेल्यांतील लवंगेचा वास ओळखणाऱ्या शहरी जाणकाराला मोहाचा वास ओळखतां येत नाहीं, ही उणीव त्याच्या जिभेची नाहीं. शंभर वर्षांच्या वसुलीची आहे. ती भरून काढावयाची तर अधिक प्यावें लागेल असें नाहीं. चरकानें सांगितलेली मात्रा, बेल्जमच्या साधूंची सबुरी आणि पहांटे टोपली घेऊन रानांत जाणाऱ्या गोंड बाईचा त्या फुलावरील हक्क, एवढ्या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या तरी पुष्कळ झालें.