तुरुंगातील मनोरुग्ण आणि शोधपत्रकारिता

फौजदारी यंत्रणेत अडकलेल्या मनोरुग्णांचा माग काढणारी पत्रकारिता. भारतात या क्षेत्रातील पायाभूत काम मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचे. त्याचे मोल छापून आलेल्या मजकुरापेक्षा पडताळणीच्या रीतीत अधिक आहे. कैद्याच्या शब्दाला आधीच किंमत कमी, त्यात तो मनोरुग्ण असेल तर मुळीच नाही. म्हणून त्याची कैफियत छापून भागत नाही, ती तपासायला यंत्रणेलाच भाग पाडावे लागते. मे १९८२ मध्ये बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या डॉ. ए. आर. देसाई यांना, जवळ कोणी तिसरे नसताना, महिला कैद्यांशी बोलायला पाठवले आणि १९८३ मध्ये महिला संशयितांसाठी वेगळ्या कोठड्या व महिला शिपायांचा पहारा असे आदेश दिले.

हीच रीत पुढे पश्चिम बंगालमधील तुरुंगांपर्यंत गेली. तेथील दप्तरात ‘नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक’ असा एक वर्गच होता: गुन्हा नाही, खटला नाही, केवळ ‘सुरक्षित ताबा’. शिक्षाच नसल्याने ती संपण्याची तारीखही नव्हती. बारसे यांच्याच याचिकेवर १७ ऑगस्ट १९९३ रोजी न्यायालयाने अशांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवले. हे श्रेय न्यायालयाचे, पत्रकाराचे कसले, असे म्हणता येईल. पण ज्याच्यावर आरोपच नाही त्याला वकील नसतो, सुनावणीची तारीख नसते. त्याचे नाव न्यायाधीशासमोर येणार तरी कुठून?

मनोरुग्णाची संमती आणि खासगीपणा यांचे काय, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. १९८७ मध्ये बारसे यांच्याच प्रकरणात न्यायालयाने मुलाखतींना वाट ठेवली, पण कैद्याची राजीखुशी हवी आणि ध्वनिमुद्रणाला वेगळी परवानगी हवी असे बजावले. ही बंधने रास्त आहेत. तुरुंगाधिकारी तीच पुढे करून दार लावून घेतात, तेव्हा चेहरा आणि नाव वगळूनही कागद तपासता येतात: वॉरंट कधीचे, शेवटची वैद्यकीय तपासणी कधीची. आसामात १९५१ मध्ये पकडलेला एक आदिवासी, रुग्णालयाने बरा झाल्याचे कळवूनही, खटल्याविना २००५ पर्यंत अडकून पडला. या दोन तारखांपुढे मुलाखतीची गरज उरत नाही.

याचिकाकर्ता पत्रकार तटस्थ राहत नाही, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, आणि न्यायालयालाही तो पत्रकार जड जातो. तुरुंगातील मुलांच्या प्रकरणात दिरंगाईला वैतागून बारसे याचिका मागे घेऊ लागल्या. १९८८ मध्ये न्यायालयाने त्यांना बाजूला केले, याचिका मात्र चालू ठेवली. पुरावा एकदा न्यायालयाच्या नोंदीवर आला की तो आणणाऱ्याच्या तटस्थतेवर विसंबून राहत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भटक्या मनोरुग्णाला कोठडीत वा तुरुंगात ठेवण्यास मनाई केली. मात्र आजारामुळे ज्याचा खटलाच चालू शकत नाही, त्या कच्च्या कैद्याला ही मनाई लागू होत नाही.