राघू : ओवीतला, ज्ञानेश्वरीतला आणि पिंजऱ्यातला

आज आपल्या मंद्रूपच्या शिवारातल्या एका जुन्या ओळखीच्या पाखराबद्दल बोलू या. कुणी त्याला राघू म्हणतं, कुणी पोपट, कुणी मिठू. आपल्याकडं ज्या घरांत कानडी बोलतात, तिथं तो ‘गिळी’. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की गोफण घेऊन आपण त्याला हुसकावतो, आणि तेच पाखरू पिंजऱ्यात असलं की हातानं दाणे भरवतो. हे असं कधीपासून चाललंय, ते बघू.

जात्यावरच्या ओव्या आठवा. त्यात राघू म्हणजे लेक आणि मैना म्हणजे मुलगी. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत हे राघू-मैना पुन्हा पुन्हा भेटतात. पोटच्या पोराला ज्याचं नाव दिलं, तो पक्षी किती लाडका असेल!

त्याहून मागं जाऊ. पैठणच्या सातवाहनांच्या काळाशी जोडलेला ‘गाथासप्तशती’ हा ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यात राजवाड्यापेक्षा खेडं जास्त दिसतं. नांगर धरणारा गडी, शेत राखणारी पोर आणि पोपटसुद्धा. पुढं संस्कृतातल्या ‘अमरुशतका’त एक गमतीचा प्रसंग आहे. रात्री नवरा-बायकोचं बोलणं घरातल्या पोपटानं ऐकलं आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तेच बडबडायला लागला. सून लाजून चूर. तिनं कानातलं माणिक काढलं आणि डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत कोंबलं! यावरून दोन गोष्टी कळतात. घरात पोपट पाळायची रीत फार जुनी, आणि डाळिंब हा त्याचा जुना खाऊ.

पण हा पोपट घरात यायचा कसा? त्याचं उत्तर ज्ञानेश्वरीत आहे. आपल्या कुडलच्या संगमावरचा मराठी शिलालेख १०१८ सालचा. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात राघू पकडायच्या नळीचा दृष्टांत आहे. फिरती नळी टांगून ठेवायची. राघू बसला की त्याच्या वजनानं ती फिरते आणि तो उलटा लटकतो. पडेन या भीतीनं तो नळी घट्ट धरतो. पंख मोकळे असून उडत नाही. माउलींनी हे सांगितलं ते स्वतःला बांधून घेणाऱ्या माणसासाठी. पण बघा, ऐकणाऱ्यांना ही नळी माहीतच असणार, म्हणून तर दृष्टांत दिला.

आता त्याच्या खाण्याचा इतिहास. पोपट म्हटलं की आपल्याला हिरवी मिरची आणि पेरू आठवतो. पण ज्ञानेश्वरांच्या काळातल्या राघूनं मिरची पाहिलीसुद्धा नव्हती! मिरची, पेरू, मका, भुईमूग, सूर्यफूल ही सगळी मूळची अमेरिकेतली. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडं आली. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही, म्हणून पोपट ती मजेत खातो. त्याचं मूळचं खाणं म्हणजे वड, पिंपळ आणि उंबराची फळं, बोरं, जांभळं, निंबोळ्या, कोवळ्या कळ्या आणि शेतातलं धान्य.

दूध-भाकरी, चहात बुडवलेलं बिस्किट, खारं फरसाण हे आपलं खाणं, त्याचं नाही. पाखराला दूध पचत नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलं तर चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं.

आता शेवटचा टप्पा, कायद्याचा. एके काळी आपल्या देशातून पोपटांसकट लाखो पक्षी परदेशी विकायला जात. ढोलीतून पिल्लं काढायची, पेटीत कोंबायची. वाटेत कितीतरी मरायची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९०-९१ च्या सुमाराला देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद झाला. आज आपला हिरवा राघू पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. जत्रेत चिठ्ठी काढणारा पोपटही यातच आला. दुकानात मिळणारे लव्हबर्ड, म्हणजे बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियातले आणि पिंजऱ्यातच पैदास झालेले. त्यांना हा नियम लागू नाही. काही मोठ्या परदेशी पोपटांची मात्र सरकारकडं नोंद करावी लागते.

मग कुणाच्या घरी आधीपासून राघू असेल तर? रागाच्या भरात किंवा भीतीनं पिंजरा उघडून देऊ नका. वर्षानुवर्षं हातचं खाल्लेल्या पाखराला दाणा शोधता येत नाही, कावळे टोचून मारतात. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. वादळात ढोलीतून पडलेलं किंवा मांजानं कापलेलं पाखरू सापडलं तरी हाच नंबर.

माणसं येईपर्यंत एवढं करा. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. मोठं पाखरू असेल तर वाटीत पाणी, भिजवलेले हरभरे, पेरूची फोड आणि थोडी ज्वारी ठेवा. पिल्लू असेल तर काय भरवायचं ते फोनवर विचारा. विष्ठा साफ करताना तोंडाला पदर बांधा, मग साबणानं हात धुवा, कारण पोपटांपासून माणसाला फुफ्फुसाचा ताप येऊ शकतो.

आणि बचतगटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. बांधावरचं ढोलीचं जुनं झाड तोडायला निघालं, तर आधी आत बघायचं. थंडी सरल्यापासून चैत्रापर्यंत राघूची अंडी-पिल्लं तिथंच असतात. कणसावरचा राघू गोफणीनं जरूर हुसकावा, पण त्याची ढोली राहू द्या.